गोव्यातून स्वतःचं मोबाइल ॲप: प्रसिद्धी आणि कमाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲप तयार आहे. प्ले स्टोअरवर चढवायला खर्च किती?

गुगल प्लेचं डेव्हलपर खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात, आणि मॅक जवळ नसेल तर तो खर्च वेगळा. गोव्यातला स्थानिक ग्राहक डोळ्यांसमोर असेल तर आधी अँड्रॉइडच करा. आयफोनचा विचार तेव्हा करावा, जेव्हा पर्यटक किंवा परदेशातले गोवेकर हेच मुख्य गिऱ्हाईक असतील.

खातं व्यक्तीच्या नावे काढायचं की संस्थेच्या, हे पैसे भरण्याआधी ठरवा. संस्थेच्या खात्याला डी-यू-एन-एस क्रमांक (डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनी व्यवसायांना देते तो ओळख क्रमांक) लागतो आणि कागदपत्रांना वेळ जातो, पण पुढच्या प्रश्नातली बारा टेस्टरांची अट त्याला लागू होत नाही. व्यक्तीच्या खात्याचा आणखी एक मुद्दा बहुतेकांना उशिरा कळतो: ॲपमधून कमाई सुरू केली की तुमचा पूर्ण पत्ता प्ले स्टोअरवर सगळ्यांना दिसतो. घरचा पत्ता जगजाहीर करायचा नसेल तर याचा विचार आधीच झालेला बरा.

बारा टेस्टरांची अट नेमकी काय आहे? चौदा दिवस भरूनही नकार का येतो?

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते. किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस चाचणीत राहायला हवेत. (सुरुवातीला ही संख्या २० होती.)

पद्धत सोपी आहे. प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपर जिथून ॲप चढवतो आणि सांभाळतो ती गुगलची साइट) बंद चाचणीचा ट्रॅक उघडा, टेस्टरांचे जीमेल पत्ते यादीत घाला, ॲप तपासून मंजूर झालं की मिळणारी लिंक त्यांना पाठवा. टेस्टरने लिंक उघडून आधी 'टेस्टर व्हा' म्हणायचं, मग ॲप उतरवायचं.

गाडी अडते ती साध्या गोष्टींवर. यादीत दिलेला जीमेल एक आणि फोनच्या प्ले स्टोअरमध्ये चालू असलेला दुसरा, हा सर्वात मोठा घोळ. लिंक उघडते, पण 'ॲप उपलब्ध नाही' असं दिसतं. दुसरं, मोजून बारा जण घेतले आणि दहाव्या दिवशी एकाने कंटाळून चाचणी सोडली, की संख्या बाराच्या खाली जाते आणि सलग चौदा दिवसांची अट मोडते. म्हणून सोळा ते वीस जण घ्या. तिसरं, लोकांनी ॲप उतरवलं पण एकदाही उघडलं नाही, तर शेवटी गुगल विचारतं त्या प्रश्नांना सांगण्यासारखं काही उरत नाही. टेस्टरांनी काय सांगितलं, त्यावरून तुम्ही काय बदललं, हे त्या अर्जात लिहायचं असतं. मधल्या काळात दोन-तीन सुधारित आवृत्त्या चढवा आणि कुणाची कुठली तक्रार होती ते टिपून ठेवा.

पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे ऑनलाइन भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. क्रिकेट क्लब, भजनी मंडळ, कॉलेजचा ग्रुप यांतून वीस माणसं गोव्यात सहज जमतात, आणि ती खरोखर ॲप वापरतात.

फुकट द्यावं, विकत द्यावं, जाहिराती घालाव्यात की सबस्क्रिप्शन?

आधी एक अट लक्षात घ्या: प्ले स्टोअरवर एकदा फुकट म्हणून आलेलं ॲप पुन्हा विकतचं करता येत नाही. त्यासाठी नव्या पॅकेज नावाने (ॲपची स्टोअरमधली कायमची ओळख) नवं ॲप काढावं लागतं आणि जुनी रेटिंग, जुने वापरकर्ते सगळे मागे राहतात. फुकट ॲपमध्ये आतली खरेदी किंवा सबस्क्रिप्शन मात्र केव्हाही घालता येतं.

आमचं मत स्पष्ट आहे. फक्त गोव्यापुरत्या ॲपने जाहिरातींच्या भरवशावर राहू नये. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. त्यातले तुमच्या विषयाची गरज असलेले किती, त्यातले रोज ॲप उघडणारे किती, हा हिशेब कागदावर मांडा. समजा रोज १,००० जण ॲप उघडतात आणि प्रत्येकाला ४ जाहिराती दिसतात. हजार जाहिरातींमागे २० रुपये मिळाले असं धरलं तर दिवसाला ८० रुपये, महिन्याला २,४०० होतात. दर विषयाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे खालीवर होतो, पण हजार माणसं रोज येणं हीच गोव्यात मोठी गोष्ट आहे.

त्याच हजारांपैकी ३० जणांनी वर्षाला १९९ रुपयांचं सबस्क्रिप्शन घेतलं तर गुगलचे १५ टक्के वजा जाता साधारण ५,०७५ रुपये हाती येतात. आकडा लहान आहे, पण ज्यांना ॲप खरंच लागतं तेच हे पैसे देतात आणि पुढल्या वर्षीही देतात. तिसरा मार्ग स्थानिक प्रायोजकाचा, त्याबद्दल खाली.

गुगल आणि ॲपल किती कापून घेतात?

वर्षातल्या पहिल्या १० लाख डॉलरच्या विक्रीवर गुगल १५ टक्के घेतं. मात्र त्यासाठी प्ले कन्सोलमध्ये खात्यांचा गट तयार करून नोंदणी पूर्ण करावी लागते; ती राहिली तर ३० टक्के कापले जातात. सबस्क्रिप्शनला १५ टक्केच. ॲपलकडेही लहान व्यावसायिकांच्या योजनेत १५ टक्के दर आहे, तिथेही अर्ज करावा लागतो.

भारतात गुगलच्या बिलिंगसोबत दुसरं पेमेंट ठेवण्याची मुभा आहे आणि त्यातून झालेल्या विक्रीवर शुल्क चार टक्क्यांनी कमी होतं. ऐकायला बरं वाटतं. पण पेमेंट गेटवे (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणारी सेवा) स्वतःचे सुमारे दोन टक्के घेणार, परताव्याच्या तक्रारी तुमच्या गळ्यात येणार आणि विक्रीचा हिशेब गुगलला कळवत बसावं लागणार. एकट्याने ॲप चालवणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

ॲपमध्ये माझा यूपीआय क्यूआर लावून पैसे घेतले तर?

काय विकता त्यावर आहे. जाहिराती बंद करणं, जास्तीचे धडे, प्रीमियम सोय अशा ॲपमध्येच वापरायच्या डिजिटल गोष्टींसाठी प्ले बिलिंग, म्हणजे गुगलची पैसे घेण्याची सोय, सक्तीचं आहे. तिथे स्वतःचा क्यूआर लावला तर ॲप नाकारलं जातं किंवा काढून टाकलं जातं. उलट मासळी घरपोच, हॉलचं बुकिंग, चवथीच्या माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या आराशीचं) सामान, शिकवणीची प्रत्यक्ष फी यांसाठी प्ले बिलिंग वापरायचंच नसतं. तिथे यूपीआय चालतं आणि गुगलला एक पैसाही द्यावा लागत नाही. गोव्यात खरा धंदा या दुसऱ्या बाजूला जास्त आहे.

सबस्क्रिप्शन विकलं जातं, पण तीन दिवसांनी पैसे आपोआप परत जातात. का?

खरेदी झाल्यावर ॲपने किंवा तुमच्या सर्व्हरने ती पोचल्याची पावती गुगलला कळवायची असते. कोडमध्ये हा एक कॉल राहिला तर तीन दिवसांनी गुगल व्यवहार रद्द करून ग्राहकाला पैसे परत देतं. ग्राहकाला वाटतं तुम्ही फसवलं, तुम्हाला वाटतं गुगलने. खरेदी 'प्रलंबित' असतानाच ती पोचली म्हणून कळवायला जाणं हीदेखील नेहमीची चूक. यूपीआयवर पेमेंट कधीकधी थोडा वेळ अडकून राहतं. म्हणून ॲप पुन्हा उघडल्यावर जुन्या खरेद्या तपासणारा कोड ठेवाच.

ॲडमॉबचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. कुठे अडकतात?

ॲडमॉब म्हणजे ॲपमध्ये जाहिराती दाखवून त्यांचे पैसे देणारी गुगलची सेवा. पैसे अडकतात ते चार ठिकाणी.

पहिलं, पत्त्याची पडताळणी. कमाई १० डॉलर झाली की गुगल टपालाने पिन पाठवतं. पत्र साध्या टपालाने येतं, यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि गोव्यातले पत्ते हा इथला खास त्रास. 'अमुक वाडा, देवळाजवळ' एवढंच लिहिलेलं पत्र पोस्टमन ओळखीचा असेल तरच पोचतं. घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका आणि तुमच्या गावाला टपाल ज्या पोस्टातून वाटलं जातं त्याचा पिनकोड, या क्रमाने इंग्रजीत लिहा. पोर्चुगीज वळणाचं आणि देवनागरी वळणाचं अशी गावाच्या नावाची दोन स्पेलिंगं असतील तर आधार कार्डावर जे असेल तेच ठेवा. पत्राची वाट पाहत असताना पोस्टात जाऊन सांगून ठेवलं तर काम लवकर होतं. पिन चार महिन्यांच्या आत भरला नाही तर जाहिराती दिसायच्या बंद होतात.

दुसरं, ॲप-ॲड्स डॉट टीएक्सटी, म्हणजे तुमच्या ॲपमधल्या जाहिराती विकायचा अधिकार कुणाला आहे हे सांगणारी फाइल. ती तुमच्या वेबसाइटच्या मुळाशी हवी आणि तीच वेबसाइट प्ले स्टोअरच्या पानावर डेव्हलपरची साइट म्हणून नोंदलेली हवी. लोक फाइल ठेवतात उपफोल्डरमध्ये, किंवा स्टोअरवर फेसबुक पानाची लिंक देतात. मग पडताळणी होत नाही आणि जाहिराती मर्यादित राहतात.

तिसरं, बँक. पैसे परदेशातून डॉलरमध्ये येतात, त्यामुळे शाखेचा स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारांसाठी बँकेची ओळख) लागतो. छोट्या शाखांना तो नसतो. त्याच बँकेच्या मुख्य किंवा परकीय चलन हाताळणाऱ्या शाखेचा कोड विचारून घ्या. सहकारी पतसंस्थेतलं खातं इथे उपयोगाचं नाही.

चौथं, १०० डॉलरची मर्यादा. तेवढे जमेपर्यंत काहीच मिळत नाही. जमले की पुढल्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. वरच्या उदाहरणातलं ॲप असेल तर तीन-चार महिन्यांतून एकदा.

ॲडमॉबचं खातं बंद कशामुळे होतं?

स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक केल्याने. मुद्दाम असो की चुकून. ॲप तपासताना चाचणीच्या जाहिरातींचा कोड वापरा आणि स्वतःचे फोन टेस्ट डिव्हाइस म्हणून नोंदवा. 'जाहिरातीवर क्लिक करून आम्हाला मदत करा' असं लिहिणं, घरच्यांना आणि मित्रांना तसं सांगणं, हे तर सरळ खातं गमावण्याचे धंदे. एकदा बंद झालेलं खातं परत मिळणं फार अवघड.

जाहिरातीच्या जागेवरूनही ॲप अडकतं. ॲप उघडताच, माणूस काही करायच्या आत पूर्ण पडद्याची जाहिरात आली, खेळाची पातळी सुरू होतानाच आली, किंवा १५ सेकंदांनंतरही बंद करता येत नसेल, तर ते प्ले स्टोअरच्या नियमांविरुद्ध आहे. बक्षीस देणारी, वापरकर्त्याने स्वतः निवडलेली जाहिरात चालते, आणि कमाईही सहसा बॅनरपेक्षा तिच्यातच जास्त.

स्टोअरचं पान मराठीत लिहावं, कोंकणीत की इंग्रजीत?

नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०, मोठ्या वर्णनाला ४,००० अशी मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'फेरीबोट वेळापत्रक' डोळ्यांना नऊ अक्षरं, मोजणीत मधल्या जागेसकट १७. म्हणून नाव आधी गुगलच्या पेटीत टाकून पाहा, मग आयकॉनवर छापा.

इंग्रजी पान मुख्य ठेवा आणि मराठीचं स्वतंत्र भाषांतर जोडा. कारण साधं आहे: घरात मराठी बोलणारा माणूसही स्टोअरमध्ये रोमन लिपीत 'गोवा फेरी टायमिंग' असंच शोधतो. गुगल प्लेमध्ये शोधशब्दांची वेगळी पेटी नसते. नाव आणि दोन्ही वर्णनं यांतूनच शोध लागतो. त्यामुळे लोक खरोखर टाइप करतात ते शब्द वाक्यात बसवा. यादी करून कोंबले तर ते नियमाविरुद्ध. नावात 'नंबर १', 'फ्री', इमोजी हेही चालत नाही.

आयकॉन ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल, वरचं चित्र १,०२४ गुणिले ५००. स्क्रीनशॉट किमान चार तरी द्या, आणि पहिल्या दोनांत ॲपचं काम दिसलं पाहिजे. स्वागताचा पडदा दाखवून कुणी ॲप उतरवत नाही.

पैसे न घालवता गोव्यात प्रसिद्धी कशी करावी?

गोव्याचा फायदा हा की राज्य लहान आहे आणि माणसं ठरलेल्या जागी भेटतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, जत्रा, चवथीआधीचे माटोळी बाजार, शिगमो, वास्कोचा भजनी सप्ताह, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा. जिथे तुमच्या ॲपचं गिऱ्हाईक हातात फोन घेऊन थांबलेलं असतं, तिथे क्यूआर लावा. फेरीच्या वेळांचं ॲप असेल तर रायबंदरच्या धक्क्याशेजारचा चहाचा गाडा ही जागा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपेक्षा सरस. गाडेवाल्याला विचारून, त्याच्या पाटीशेजारी.

प्रत्येक ठिकाणच्या क्यूआरची लिंक वेगळी ठेवा. प्ले स्टोअरच्या लिंकला स्रोताचं नाव जोडता येतं, आणि कुठून किती जणांनी ॲप उतरवलं ते कन्सोलमध्ये दिसतं. हे न करता दोनशे पत्रकं वाटली तर पुढल्या वेळी कुठे वाटायची हे कळणारच नाही. क्यूआर किमान तीन सेंटिमीटरचा छापा, आणि पावसाळ्यात लावणार असाल तर लॅमिनेट करा. चमकदार लॅमिनेशनवर उन्हाची तिरीप पडली की कॅमेऱ्याला कोड वाचता येत नाही, तेव्हा मॅट घ्या.

वेळ साधणं महत्त्वाचं. पर्यटकांसाठीचं ॲप ऑक्टोबरआधी स्थिरस्थावर व्हायला हवं; जून ते सप्टेंबरमध्ये ते चालणार नाही म्हणून घाबरू नका. मासेमारीशी संबंधित ॲप १ जून ते ३१ जुलैच्या बंदीच्या काळात झोपतं. तोच काळ दुरुस्त्यांना वापरा. सणाचं ॲप सणाच्या तीन आठवडे आधी चढवा, कारण तपासणीत काही दिवस जातात आणि एखादा नकार आला तर तेवढी सवड हवी.

स्थानिक मराठी दैनिकांना बातमी पाठवताना 'गोमंतकीय युवकाने बनवले ॲप' एवढंच पाठवू नका. ॲपने कुणाची कुठली अडचण सुटते ते दोन ओळींत, एक स्क्रीनशॉट आणि लिंक. पत्रकारांना आणि शिक्षकांना प्रीमियम दाखवायचं असेल तर गुगल प्ले दर तिमाहीला प्रत्येक ॲपमागे ५०० प्रोमो कोड फुकट देतं.

गुगल ॲड्सवर पैसे घालावेत का?

सबस्क्रिप्शन विकलं जायला लागण्याआधी नाही. एक माणूस आणायला पडणारा खर्च आणि त्याच्याकडून मिळणारी रक्कम यांचा मेळ बसत नसेल तर जाहिरात म्हणजे खिशातून दिलेली देणगी. करायचीच असेल तर ठिकाण गोवा ठेवा आणि लक्ष्य फक्त इन्स्टॉल न ठेवता ॲपमधली एखादी ठोस कृती ठेवा. नाहीतर उतरवून लगेच काढून टाकणाऱ्यांचीच गर्दी होते.

स्थानिक दुकानदारांकडून थेट पैसे कसे मिळवायचे?

ॲपमध्ये एक जागा, एक महिना, एक दुकान. 'फोंड्यातले ४०० जण हे पान रोज पाहतात' असं ॲपच्या वापराचे खरे आकडे दाखवून सांगता आलं की दुकानदार ऐकून घेतो. लेखी ठरवा: कुठल्या पानावर, किती दिवस, चित्र कोण देणार, पैसे आगाऊ. पहिल्या महिन्यानंतर किती जणांनी फोनचं बटण दाबलं ते त्याला कळवा. पुढचा महिना त्यावरच मिळतो. जाहिरात आहे हे पानावर स्पष्ट लिहा. हे पैसे दुकानदार तुम्हाला ॲपबाहेर देतो, त्यामुळे प्ले बिलिंगचा संबंध येत नाही.

कदंब बस, फेरी, वीज यांची माहिती देणारं ॲप चालेल का?

चालेल. पण ते सरकारी नाही हे ॲपमध्ये आणि वर्णनात ठळकपणे लिहा आणि माहिती कुठून घेतली त्या अधिकृत स्रोताची लिंक द्या. राजमुद्रा, खात्याचा लोगो वापरू नका. अशी बरीच ॲप्स याच एका कारणाने नाकारली जातात.

गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहेत, मग पैशांच्या खेळाचं ॲप?

नाही. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांची जाहिरात दोन्हींवर बंदी आहे. कॅसिनोच्या परवान्याचा इथे उपयोग नाही. मटक्याचे आकडे सांगणाऱ्या ॲपच्याही वाटेला जाऊ नका.

लहान मुलांसाठी बाराखडीचं ॲप आहे. काही वेगळं करावं लागतं?

वयोगटात तेरा वर्षांखालची मुलं निवडली की कुटुंबविषयक धोरण लागू होतं: जाहिराती फक्त गुगलने त्यासाठी मान्य केलेल्या एसडीकेमधूनच (ॲपमध्ये जोडायच्या तयार कोडमधूनच), आणि मुलांची माहिती गोळा करण्यावर कडक बंधनं. जाहिराती न घालता पालकांकडून एकरकमी खरेदी घेणं सोपं आणि सभ्यही.

लंडन, स्विंडन, लिस्बन, दुबईतले गोवेकर ॲप वापरतात. त्याचा फायदा?

चांगला फायदा. तिथल्या जाहिरातींचे दर भारतापेक्षा जास्त असतात आणि सबस्क्रिप्शनची किंमत देशागणिक वेगळी ठेवता येते. मात्र युरोप आणि ब्रिटनमधल्या वापरकर्त्यांना व्यक्तिगत जाहिराती दाखवायच्या असतील तर गुगलने प्रमाणित केलेली संमतीची खिडकी लावावी लागते. जानेवारी २०२४पासून ही सक्ती आहे. ॲडमॉबमध्ये 'गोपनीयता आणि संदेश' विभागात ती तयार मिळते.

रेटिंग कधी मागावं?

माणसाचं काम झाल्यावर. फेरीची वेळ सापडली, धडा पूर्ण झाला, त्या क्षणी. ॲप उघडताच मागितलं तर एक तारा मिळतो. 'आवडलं का?' असं आधी विचारून फक्त खूश लोकांनाच पुढे पाठवणं गुगलला मान्य नाही. आयफोनवर रेटिंग मागणारी खिडकी वर्षाला तीनदाच दिसते.

जीएसटी आणि टीडीएसचं काय?

सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि यात ॲडमॉबची परदेशी कमाईही धरायची. नोंदणी असेल तर परदेशातून येणारी रक्कम निर्यात ठरते. त्यासाठी दरवर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा, म्हणजे कर आधी भरून मागे मागत बसावं लागत नाही. प्ले स्टोअरवरच्या विक्रीवर गुगल टीडीएस कापतं. १ ऑक्टोबर २०२४पासून दर ०.१ टक्का आहे. पॅन दिला नसेल तर ५ टक्के कापतात, तेव्हा पॅन पहिल्याच दिवशी भरा. अमेरिकी करासाठी डब्ल्यू-८बीईएन अर्ज भरावा लागतो. कमाई सुरू होताच एकदा सीएला भेटा आणि ॲडमॉबचे मासिक अहवाल सोबत न्या.

सरकारी योजनांचा लाभ मिळतो का?

राज्यात स्टार्टअप अँड आयटी प्रमोशन सेल आहे. केंद्राची स्टार्टअप मान्यता कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारीला मिळते. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला नाही. अनुदानासाठी कंपनी काढण्याआधी तिचा वार्षिक हिशेब-तपासणीचा खर्च मोजा.

ॲप चालू आहे, नवं काही घालायचं नाही. तसंच ठेवलं तर?

हळूहळू दिसेनासं होईल. ३१ ऑगस्ट २०२५पासून नव्या ॲप्सना आणि अपडेटना किमान अँड्रॉइड १५चं लक्ष्य ठेवणं (म्हणजे ॲप त्या आवृत्तीसाठी बांधणं) सक्तीचं झालं, आणि ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. फार मागे राहिलेलं ॲप नव्या फोनवर स्टोअरमध्ये दिसत नाही. शिवाय १.०९ टक्क्यांहून जास्त वापरकर्त्यांना दिवसात ॲप बंद पडल्याचा अनुभव आला, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त जणांकडे ते अडकून पडलं, तर गुगल शोधात खाली ढकलतं. हे आकडे कन्सोलच्या 'अँड्रॉइड व्हायटल्स'मध्ये आठवड्यातून एकदा पाहा. एखाद्याच स्वस्त मॉडेलवर ॲप पडत असेल तर तेही तिथे नावासकट दिसतं.